इतर, थोडक्यात लिहा

संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एक पाहणी करावी लागते.
माझ्या वाट्याला आलं ते असं:
एल आल्तोहून खाली ला पाझला, विद्यापीठात,
तुम्ही कसे येता, आणि तसेच का?
चार चौकटी. वेळ, पैसे, सुरक्षितता, सोय.
पाचवी 'इतर'. तिच्यापुढे दोन बोटं रेघ.

सुलेमा अपासा म्हणाली, केबलकार.
घरी पाच भावंडं, एक टेबल.
पाळणा तारेला लागला की सतरा मिनिटं
कुणी हाक मारत नाही.
सगळी हाडं मी हवेत पाठ केली,
कवटीची बावीस तर
कबरस्तानावरून जाताना.
मी विचारलं, मग सोय लिहू?
ती हसली, लिही काहीही.

रेमिहिओ पायऱ्यांनी उतरतो, मिनिबसने चढतो.
उतार फुकट असतो, म्हणाला,
चढाला दम लागतो आणि दमाला पैसे.
वाचलेल्या नाण्यांच्या झेरॉक्स.
त्याचे बूट पुढून झिजलेले, टाचा कोऱ्या.
मी 'पैसे'वर खूण करून पुढच्या अर्जाकडे वळले
तेव्हा तो सहज बोलला,
चौथ्या वळणावर एक कुत्रं थांबलेलं असतं.
न जाऊन कसं चालेल?

दानित्साचे वर्ग रात्री सुटतात.
मी गाडी निवडत नाही, आतली माणसं निवडते.
दार सरकतं, ती डोकावते,
एखादी घेरदार झग्यातली बाई, मांडीवर पेंगणारं पोर
दिसलं तर चढते.
नाहीतर हात हलवते, जाऊ दे.
एकदा सात गाड्या जाऊ दिल्या.
आणि घरी सांगितलं, गाडीच उशिरा आली,
नाहीतर रात्रीचा वर्गच बंद झाला असता.
माझ्याच पेनाने तिने 'वेळ'वर खूण केली,
दोनदा गिरवली.

एकाने नाव लिहू दिलं नाही.
सरळ रस्ता सोडून तो पिवळ्या लाइनने वळसा घालतो,
जास्तीचं तिकीट काढून.
'इतर'पुढे त्याने लिहिलं:
तिकडून डोंगर चांगला दिसतो.
डोंगर तर सगळीकडूनच दिसतो.
मी काही बोलले नाही.

मग एका मंगळवारी रस्ते अडवले.
दगड, पेटलेले टायर, मधोमध आडवा टाकलेला विजेचा खांब.
तारही थांबलेली, पाळणे जागच्या जागी झुलत.
आम्ही सगळे पायी उतरलो,
दंतवैद्यकवाले, कायदावाले, चपला हातात घेतलेली एक प्राध्यापिका.
कुणीतरी भाजलेले फुटाणे फिरवत होतं.
त्या दिवशी माझ्याकडे एकशे बारा अर्ज
आणि उत्तर एकच.
सर म्हणाले, तो दिवस वगळ, आकडे बिघडतात.
मी वगळला.

माझा स्वतःचा अर्ज राहिलाय.

बाबांची मिनिबस आहे. केबलकार आल्यापासून
मागची बाकं रिकामीच खाली-वर करतात.
पहाटे त्यांच्याबरोबर गेले तर मी दाराशी उभी राहून
थांब्यांची नावं ओरडते,
माझा आवाज लांब जातो, असं ते चारचौघांत सांगतात.
पण परीक्षा असली की
मी कोपऱ्यावरून वळून वरच्या स्टेशनात शिरते.

वरून सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.
आमची मी ओळखते:
टपावर निळी ताडपत्री, खाली जादा टायर,
वळणावर अडकलेली.
पाळण्याची सावली
तिच्यावरून सरकत जाते. हॉर्न ऐकू येत नाही.
काचेपलीकडे सगळं गप्प.

रात्री ते विचारतात, आज खाली कशी गेलीस?
चालत, मी सांगते, मैत्रिणींबरोबर.

ते माझ्या बुटांकडे बघतात
आणि सूप गरम करायला ठेवतात.